अंगठ्याचा काना

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. सोलापूरच्या नव्या पेठेत एका कापडदुकानाच्या माडीवर मी टायपिंग शिकवत होते. क्लास एका निवृत्त कोर्ट-कारकुनांचा. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. इंग्रजीची मशीनं बरीच होती, मराठीची मोजकीच. पण कचेऱ्यांमधला कारभार मराठीत यायला लागला होता, आणि मराठी मशीनपुढची रांग महिन्यागणिक वाढत होती. सकाळी पहिल्या बॅचची खडखड सुरू झाली की खालचा दुकानदार कपाळाला हात लावायचा, आणि गिऱ्हाईक आलं की वर बघून म्हणायचा, "आमच्या डोक्यावर रोजच गारा पडतात."

ती आली ती एका दुपारी, क्लास रिकामा असताना. विशीच्या आतबाहेरची, सुती साडी, उजवा हात पदराखाली. दारातच थांबली.

"बाई, मला टायपिंग शिकायचं हाय. मराठी."

"मग ये ना आत. शिक्षण किती झालंय?"

"मॅट्रिक पास हाय."

सर टेबलामागून म्हणाले, "हात का झाकलाय?"

तिनं पदर बाजूला केला. उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं मधल्या पेरापासून नव्हती. जखम जुनी होती, कातडी गुळगुळीत झाली होती. तिनंच सांगून टाकलं. घर साखर पेठेत, घरात दोन पॉवरलूम, चादरी निघतात. मागाच्या दातेरी चाकांत अडकलेला सुताचा गुंता ओढायला गेली आणि माग चालूच होता. "चूक माझीच की," ती म्हणाली, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत होती. "आता तुटलेला धागा जोडता येत न्हाय. गाठ मारायला अंगठा आणि पहिलं बोट लागतंय. घरात बसून काय करू?"

सरांचं मन मऊ होतं, पण ते व्यवहारी होते. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "आठ बोटांवर तीसची परीक्षा कशी काढणार ही?" मराठी टायपिंगची सरकारी परीक्षा मिनिटाला तीस शब्दांची असते, तिला सगळे 'तीसची' म्हणायचे. मी म्हटलं, "सर, आपल्याकडे दहा बोटांचे नापास होणारे काय कमी आहेत?" ते हसले, आणि तिचं नाव घातलं.

डावा हात तिचा आठ दिवसांत बसला. विणकराच्या घरातली बोटं, त्यांना ताल कुणी शिकवायला नको होता. पंचाईत उजव्याची होती. ज्यांनी मराठी टाइपरायटर वापरलेला नाही त्यांना इथं एक सांगायला हवं. त्या मशीनवर काना ही स्वतंत्र कळ असते, आणि तिच्यावाचून पाऊल पुढं पडत नाही. 'काका' लिहायचं तर काना लागतोच. पण अर्धा 'श' मारून त्याला काना जोडला की पूर्ण 'श' होतो. 'ण'चं तसंच, 'भ'चं तसंच. 'अ'ला काना दिला की 'आ'. दर ओळीत कितीदा तरी त्याच कळेवर यावं लागतं. आणि आमच्या मशीनवर काना होता उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली. म्हणजे तिच्या नसलेल्या बोटाखाली.

अनामिकेनं ती तो मारायची. अनामिका आधीच दुबळी, तिच्यावर तीन बोटांचं काम. संध्याकाळी ती बोट ओठांत धरून बसायची. मी म्हणायची, "आज पुरे." ती म्हणायची, "एक उतारा करते आनि मग जाते."

आमची मशीनं दुरुस्त करायला एक चाचा यायचे. किल्ल्याजवळ त्यांचं छोटंसं दुकान होतं, सायकलच्या हँडलला अवजारांची पिशवी लटकलेली असायची. त्यांनी तिचा हात बघितला, मशीन बघितलं, आणि उत्साहानं म्हणाले, "इतनीच बात? काना उचलून डाव्या हाताखाली ठेवतो की." मशीनमधल्या प्रत्येक दांड्याच्या टोकाला अक्षराचा ठसा डाख देऊन बसवलेला असतो. चाचांनी कान्याचा ठसा काढून डाव्या मधल्या बोटाखालच्या 'ब'च्या दांड्यावर बसवला, आणि 'ब' कान्याच्या जागी नेला. कळांवरची टोपणंही अदलाबदल केली. 'ब' कमी लागतो, तेवढं अनामिका सांभाळेल, असा हिशेब होता. मलाही तो पटला. सर त्या दिवशी गावाला गेले होते.

आणि काय सांगू, ती धावायला लागली. पहिल्यांदाच तिच्या मशीनचा आवाज बाकीच्यांच्या आवाजात मिसळून गेला. तिनं कागद ओढून काढला, उंच धरला आणि नुसती बघत राहिली. चाचा खूश, मी खूश.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी एक प्राथमिक शाळेतले मास्तर आले. ते आमचेच जुने विद्यार्थी. त्यांना बदलीचा अर्ज टाइप करायचा होता, जिल्हा परिषदेत त्याच दुपारी द्यायचा होता. त्यांना रिकामं दिसलं ते हे मशीन. त्यांनी कागद आणि कार्बन चढवले, हातानं लिहिलेला मजकूर बाजूला ठेवला, आणि आम्ही शिकवलं होतं तसं, नजर मजकुरावर ठेवून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत झरझर टाइप केलं. पान ओढलं. 'माझी बदली' असं जिथं हवं होतं तिथं 'मबझी ादली' असं उमटलं होतं. सगळं पान तसंच. कार्बनच्या प्रतींसकट.

"हे काय माझी चेष्टा चालवलीय का?" मास्तर ओरडले. "आई आजारी आहे माझी वेळापूरला! तीनपर्यंत अर्ज द्यायचाय आणि मशीन असलं?"

मी धावत गेले, त्यांना दुसऱ्या मशीनवर बसवलं, निम्मा अर्ज मीच टाइप करून दिला. वेळेत पोचले ते. पण सरांच्या कानावर गोष्ट गेलीच. ते माझ्यावर चिडले नाहीत, एवढंच म्हणाले, "टोपण बदललं म्हणून काय झालं? टायपिंग शिकलेला माणूस टोपणाकडं बघतो का कधी? त्याच्या बोटांना जे ठाऊक आहे तेच आपण त्याच्या खालून काढून घेतलं. उद्या दुसरा कुणी न बघता कागद देऊन येईल. मशीन होतं तसं करा."

चाचांनी निमूट ठसे परत बसवले. ती भिंतीशी उभी राहून बघत होती. दुसऱ्या दिवशी आली नाही, त्याच्या पुढच्या दिवशीही नाही.

रविवारी मी साखर पेठेत तिच्या घरी गेले. गल्लीत शिरल्यावर एकेका दारातून मागाचा आवाज अंगावर येत होता. तिच्या घराच्या पुढच्या खोलीत दोन माग, मागच्या खोलीत संसार. तिची आई मागावर उभी होती. मला बघून तिनं डोक्यावरून जाणारी एक दोरी ओढली आणि खाडकन माग थांबला. मग विणकरांच्या घरच्या तेलुगूत लेकीला हाक मारून ती पाणी आणायला गेली.

लेक बाहेर आली, मला बघून ओशाळली.

"बाई, माज्यामुळं तुमाला बोलणी बसली."

"कुणी बोललं नाही मला. तू क्लासला का येत नाहीस?"

"मशीन माज्यासारकं केलं तर दुसऱ्याचं बिगडतंय. दुसऱ्यासारकं ठेवलं तर मला जमत न्हाय. मग कशाला येऊ?"

काहीतरी बोलायचं म्हणून मी दोरीकडे बोट दाखवलं. "ही दोरी कसली?"

"ही मी पडल्यावर वडिलांनी लावली," ती म्हणाली. पडल्यावर म्हणजे हात अडकल्यावर. "बंद करायचं हँडल त्या टोकाला हाय. मी हिकडं होते, आई बी हिकडंच, हँडलपर्यंत कुनाचा हात पोचला न्हाय. म्हणून हँडलला दोरी बांधून वरून हिकडं आणली. आता दोनी बाजूंनी बंद होतंय."

"मग हँडलच इकडं का नाही आणलं?"

"आणणार होते की. पण आमच्याकडं रात्रपाळीला येनारा मानूस हाय, तो बाहेरचा. त्याचा हात सवयीनं तिकडंच जातोय. वेळेला हँडल तितं नसलं तर?"

बोलता बोलता ती थांबली. माझ्याकडे बघितलं. मलाही तेच दिसलं होतं जे तिला दिसलं, पण बोलली ती.

"बाई, काना हाय तितंच राहू दे. त्याला दोरी बांधू."

दोरी अर्थातच चालणार नव्हती. पण तिचा उजवा अंगठा धडधाकट होता, आणि टायपिंगमध्ये अंगठ्याला दोन शब्दांमधली जागा सोडण्यापलीकडे काही काम नसतं. ती जागा डाव्या अंगठ्यानं सोडता येते. उजवा मोकळा. तो कान्यापर्यंत पोचत नाही, तर काना त्याच्यापर्यंत आणायचा.

चाचांना सांगितलं तर त्यांनी मोडक्या छत्रीची काडी पिशवीतून काढली. कान्याच्या कळेच्या दांडीला छोट्या स्क्रूनं ती अडकवली, आणि खालच्या ओळीतल्या दोन कळांच्या मधल्या फटीवरून पुढं आणली. टोकाला वाटाण्याएवढी चपटी पट्टी. पहिल्याच दाबाला काडी वाकली, शेजारच्या कळेवर टेकली, आणि दोन दांडे एकमेकांत अडकून वर उभे राहिले. चाचांनी ते बोटानं सोडवले. दुसरी काडी जाड घेतली, तर ती अंगठ्याला जड. मग दोन बारीक काड्या जोडून घेतल्या. तेव्हा नवीनच त्रास सुरू झाला. पट्टी दाबली की अंगठा खालच्या, जागा सोडायच्या लांब दांडीलाही लागायचा, आणि कान्याबरोबर जागाही सुटायची. 'का का' असं व्हायचं.

"वर उचला जरा," ती म्हणाली.

चाचांनी उचलली.

"जादा झाली. अंगठा उचलावा लागतोय. आनि माज्याकडं वळवा थोडी."

असं किती दिवस चाललं कोण जाणे. चाचा जाता-येता क्लासमध्ये डोकवायचे, पक्कड काढायचे, केसभर वाकवायचे. ती एक ओळ मारायची आणि मान हलवायची, हो किंवा नाही. इतर पोरी मधल्या वेळात येऊन बघायच्या. एका दिवशी तिनं ओळ मारली, मान हलवली नाही, पुढची ओळ मारली, मग तिच्या पुढची. चाचांनी पक्कड पिशवीत टाकली.

सरांनी परवानगी दिली, पण अट घातली. बसताना पट्टी लावायची, उठताना काढायची. पुढच्याला मशीन जसंच्या तसं मिळालं पाहिजे. आणि एखादे दिवशी काढायची राहिली तर? म्हणून त्यांनी पट्टी लावलेली असताना मलाच डोळे मजकुरावर ठेवून एक पान करायला लावलं. माझ्या बोटांना तिचा पत्ताही लागला नाही. काना आपल्या जागी होता. सरांनी पान उलटसुलट बघितलं आणि पहिल्यांदाच तिला म्हणाले, "बस आता. परीक्षेचा फॉर्म भरू."

परीक्षेला मशीनं आपलीच न्यावी लागायची. हातगाडीवर गोधड्या अंथरून, वर दोरखंड बांधून आम्ही ती एका शाळेच्या हॉलमध्ये नेली. ती गाडीबरोबर चालत आली, एक हात आपल्या मशीनवर ठेवून.

हॉलवरचे पर्यवेक्षक तिच्यापाशी थांबले. "हे काय लावलंय मशीनला?"

सर पुढं होऊन सांगायला लागले, "साहेब, त्याचं असं आहे की..." पण तिनं स्क्रू सोडवला, पट्टी काढून टेबलावर ठेवली.

"साहेब, तुमी टाईप करून बघा. मशीन हाय तसं हाय. आता लावते, परत बघा."

त्यांनी खरोखरच वाकून दोन ओळी मारल्या, पट्टी नसताना आणि असताना. मग जरा घुटमळून विचारलं, "पण हिच्यानं तुला बाकीच्यांपेक्षा जास्त वेग मिळत असेल तर ते बरोबर होणार नाही."

"न्हाय साहेब," ती म्हणाली. "बाकीच्यांना बोटं हायत की."

त्यांनी तिच्या हाताकडे बघितलं. "बस," म्हणाले, आणि पुढच्या रांगेकडे गेले.

शिकवणाऱ्यांना आत थांबता येत नव्हतं. मी खिडकीबाहेर व्हरांड्यात उभी होते. घंटा झाली, सगळा हॉल एकदम वाजायला लागला. तिचे खांदे मला दिसत होते, सैल, संथ. अर्ध्यात असेल, तिचा ताल एकदम तुटला. तिनं डाव्या हातानं काहीतरी उपटलं, बाजूला टाकलं, आणि पुन्हा सुरू झाली, पण आता खांदा वर चढलेला. बाहेर आल्यावर कळलं. हादऱ्यांनी स्क्रू सैल झाला आणि पट्टी डुगडुगायला लागली. तिनं ती काढून टाकली आणि अनामिकेनं उतारा पुरा केला.

"पुरा झाला ना?" मी विचारलं.

"झाला. पन लई हळू."

निकाल लागला. चुका कमी होत्या, वेगात नापास. तिनं निकालाचा कागद घडी घालून पिशवीत ठेवला आणि मला म्हणाली, "पट्टी निघाली तवा काना जागेवर सापडला, म्हणून निदान पान तरी झालं, बाई." मला रडू आलं, तिला नाही. चाचांना मात्र फार लागलं. "मेरी गलती है, बेटी," म्हणून ते कितीतरी वेळ त्या स्क्रूकडेच बघत बसले.

त्यानंतर एका सकाळी तिचे वडील क्लासमध्ये आले. उंच, किडकिडीत माणूस, केसांत सुताचे पांढरे तंतू. लेकीच्या हाताला दुखापत झाल्यापासून त्यांनी तिच्याशी त्या विषयावर एक शब्द काढला नव्हता, असं तिनं मला सांगितलं होतं. ते बाकावर बसले आणि तिला टाइप करायची खूण केली. तिनं एक परिच्छेद केला. ते तिच्या अंगठ्याकडे बघत होते. मग उठले, मशीनसमोर गुडघे टेकले, मान वाकडी करून खालून पाहिलं आणि तेलुगूत काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

ती हसू दाबत होती. "म्हनतात, हादरा जिकडून बसतोय तिकडूनच स्क्रू घातलाय, मग सैल होनारच. मागावर असं करत न्हाईत."

चाचा तिथंच होते. त्यांनी आधी भुवया वर केल्या, मग तेही शेजारी गुडघ्यांवर बसले. दोघांना एकमेकांची भाषा अर्धीमुर्धीच येत होती. बोटांनी, "हौ", "नक्को" आणि नुसत्या माना हलवून त्यांचं चाललं होतं. शेवटी स्क्रू दुसऱ्या बाजूनं आला, त्याच्याखाली स्प्रिंगची चकती आली. सरांनी खालून चहा मागवला. वडिलांनी बशीत ओतून चहा घेतला, जाताना लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो क्षणभर तसाच राहू दिला. ते गेल्यावर तिनं एक अक्षरही टाइप केलं नाही. कागदाकडे बघत बसून राहिली. त्या दिवशी मी तिला उतारा दिला नाही.

पुढच्या परीक्षेला पर्यवेक्षक दुसरे होते. आम्ही काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, सरांनी तर डॉक्टरचा दाखलाही आणला होता. पण त्या माणसानं पट्टीकडे बघितलंही नाही. नंबर तपासला आणि पुढं गेला. ती पास झाली.

वर्षभरानं तिला एका सरकारी कार्यालयात टंकलेखिकेची जागा मिळाली. तिथलं मशीन दुसऱ्या बनावटीचं, आमची पट्टी त्याला बसेना. चाचांनी आणि वडिलांनी मिळून नवी केली, आणि पैसे दोघांपैकी कुणीच घेतले नाहीत. पहिल्यांदा कार्यालयातल्या बाकीच्यांनी नाकं मुरडली. सरकारी वस्तूला हात लावला म्हणून हेडक्लार्कनं लेखी खुलासा मागितला. तिनं खुलासा दिला, आणि त्यांच्यासमोर पट्टी काढून, लावून, पुन्हा काढून दाखवली. ते प्रकरण तिथंच मिटलं. रजेवर जाताना ती पट्टी काढून ठेवायची. तिच्या जागी बसणाऱ्याला कधी काही वेगळं जाणवलं नाही.

मी लग्नानंतर सोलापूर सोडलं. एकदा माहेरी आले होते तेव्हा ती एसटी स्टँडवर भेटली. अक्कलकोटच्या गाडीची वाट बघत होती, कडेवर मूल होतं. आता उजवा हात पदराखाली नव्हता, त्याच हातात मुलाची बाटली होती.

"हात कसा आहे?" मी विचारलं.

"थंडीत ठणकतो, बाई. बाकी लई बरं हाय." मग म्हणाली, "आमच्या हापिसात नवीन मुलगा आलाय. त्याच्या डाव्या पंजात जोर न्हाय, लहानपनी ताप आला होता म्हनं. शिफ्टची कळ दाबून धरता येत न्हाय त्याला. साहेब म्हणतात, जमनार न्हाय, दुसरीकडं बघ. मी म्हटलं, थांबा की. आधी त्याला विचारू, पाय कसं चालतात त्याचं. शिफ्टला दोरी बांधून पायाकडं आणू."

गाडी लागली. ती मुलाला सावरत गर्दीत शिरली आणि पायरीवरून ओरडली, "चाचांना सांगितलंय, रविवारी येनार हायत."